ओट्यावरचं माळ्यावर गेलंच नाही

माझा धाकटा भाऊ मूर्ख आहे, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेय. आता तो बेचाळीस वर्षांचा आहे, आणि मी मत बदलावं असं अजून तरी त्यानं काही केलेलं नाही. पण आईचा आवाज त्यानं घालवला नाही. तो मी घालवला. कसा घालवला ते सांगते, आणि मध्ये मला कुणी समजूत घालायला येऊ नये.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली रस्त्याला लागून दुकान, वर दोन खोल्या, त्यात आई आणि मी. धाकटा बायकोबरोबर चार चौक सोडून राहतो. दुकानात काउंटरच्या मागे मी ठसठशीत अक्षरांत बोर्ड लावलाय: कॉपी ठेवा, मग रडू नका. गिऱ्हाईक रडत आलं की मी बोलत नाही, नुसतं त्या बोर्डाकडे बोट दाखवते.

आई एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल हरवलंय. तिला गावात तोंडावरून कुणी ओळखायचं नाही, पण भाजीवाल्याला "वांगी कशी दिली?" एवढं विचारलं की तो मान वर करून म्हणायचा, "बाई, तुम्ही त्या सात नंबर फलाटवाल्या ना?" घरातही तिचा तोच थाट. "जेवण वाढलेलं आहे. धाकट्यानं कृपया हात धुऊन यावं." गंमत होती ती, पण हात धुतल्याशिवाय ताट मिळायचं नाही.

तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. ऑपरेशनची तारीख चोवीस दिवसांनंतरची मिळाली. हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट बाईंनी आईच्या हातात एक यादी ठेवली. "ही वाक्यं आत्ताच स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. नंतर एक छोटं यंत्र देऊ. बटण दाबलं की तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात वाजेल. आणि सहाशेच्या वर वाक्यं झाली, तर त्यातून यंत्र तुमचा आवाज शिकतं. मग तुम्ही काहीही टाइप करा, ते तुमच्यासारखं बोलेल."

"आणि सहाशे नाही झाली तर?" आईनं विचारलं.

"तर मग तुम्ही बोललात तेवढंच," बाई म्हणाल्या.

आई घरी आली ती कामालाच लागली. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. कॉम्प्युटर तिचा तिलाच हवा. तो जुना, आतली हार्ड डिस्क त्याहून जुनी, पण मी दुसरा देते म्हटलं तर म्हणे, "माझी खुर्ची, माझं टेबल, माझं मशीन. नव्या बटणांशी ओळख करून घ्यायला मला वेळ नाहीये."

पहिल्या आठवड्यात एकशे त्रेचाळीस वाक्यं झाली. यादीच्या सुरुवातीला सगळी आजारपणातली वाक्यं होती. पाणी द्या. दुखतंय. उशी वर करा. दिवा बंद करा. दार लावून घ्या. बसा. हो. नको. मुख्यतः नर्ससाठी आणि वॉर्डातल्या लोकांसाठी लिहिलेली, म्हणून सगळी अहो-जाहोतली. घरच्यांशी बोलायची वाक्यं शेवटी होती, आणि ती आईनं स्वतः लिहायची होती. त्यासाठी तिनं एक रेघी वही केली होती आणि ती मला बघू देत नव्हती.

दोन अडचणी होत्या. एक म्हणजे प्रत्येक वाक्य बोलून झालं की ते साठवायला मशीन ताटकळत ठेवायचं, आणि आईला तर बोलताना कळ यायची. दुसरी म्हणजे ती हार्ड डिस्क कुरकुरायची. तिच्यात थाळ्या फिरत असतात, त्यांच्यावरून एक हात पुढे-मागे सरकतो. जुनी झाली की त्याचा आवाज येतो. मला तो ऐकूही आला नसता. आई म्हणाली, "माझ्या मागे कुणीतरी दात खातंय. हे मी स्थानकावर चालवून घेतलं नसतं."

तेव्हा आमच्या धाकट्या नवाबसाहेबांनी आपली एसएसडी आणून दिली. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, आत फिरणारं काही नाही, आवाज नाही, आणि वेग असा की बघत राहावं. चाळिशी उलटल्यावर गेम खेळायला घेतली होती. "वापर ताई," तो म्हणाला, "पण काम झालं की परत दे हं." देतानाच परत मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता इथं माझी हुशारी आली. सरळ सगळं त्या डबीत ठेवता आलं असतं. पण आईचा जुना संसार त्या मोठ्या डिस्कवर होता, आणि दोन डिस्क जोडून एक करणं हे माझं आवडतं काम. गिऱ्हाइकाला मी असं समजावते: हार्ड डिस्क म्हणजे घराचा माळा. जागा भरपूर, पण चढा, शोधा, उतरा. एसएसडी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जागा थोडी, पण सगळं हाताशी. दोन्ही जोडले की मशीनला वाटतं एकच घर आहे. रोज लागणारं आपोआप ओट्यावर राहतं आणि बाकीचं माळ्यावर.

यातही दोन तऱ्हा असतात. पहिलीत वस्तू आधी माळ्यावर ठेवायची आणि तिची एक प्रत ओट्यावर. ओटा मोडला तरी काही जात नाही. दुसरीत वस्तू ओट्यावर टाकायची, "ठेवली" म्हणून सांगायचं, आणि सवड मिळेल तशी माळ्यावर न्यायची. दुसरी तऱ्हा झपाट्याची, पण मधल्या वेळात ती वस्तू फक्त ओट्यावर असते. गिऱ्हाइकाला मी दुसरी तऱ्हा कधीच करून देत नाही. आईला करून दिली, कारण तिला वाक्यावाक्याला थांबावं लागत होतं. आणि वर आणखी एक केलं. कुरकुर बंद व्हावी म्हणून मशीनला सांगून ठेवलं, की मी म्हणेपर्यंत माळ्यावर चढूच नकोस. जे काय येईल ते ओट्यावर.

आई खूश झाली. कानाला हेडफोन लावून ऐकत म्हणाली, "आता कशी शांतता आहे. आता बोलते मी." बाकीची चारशे अडुसष्ट वाक्यं तिनं त्या शांततेत बोलली. शेवटचे तीन दिवस आतून कडी लावून वहीतली बोलली. बाहेर मला शब्द कळत नव्हते, नुसता सूर कळत होता. मध्येच ती हसायची. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी कडी काढून बाहेर आली आणि म्हणाली, "सहाशे अकरा. संपलं. आता जाऊ दे गेला तर." माळ्यावर सगळं चढवून ठेवायला मशीन अर्धा तास चालू ठेवायचं होतं. मी म्हटलं, करू परत आल्यावर. मशीन बंद केलं आणि तिची बॅग भरायला घेतली.

ऑपरेशन नीट झालं. आई हॉस्पिटलात, मी स्टुलावर. धाकटा यायचा भेटीच्या वेळेत, पंधरा मिनिटं, त्यातली दहा फोनमध्ये. अकराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. नर्ससमोरच विचारलं, "आईला बघायला येतोस की हजेरी लावायला?"

तो गप्प बसणारा माणूस, पण त्या दिवशी नाही बसला. म्हणाला, "मी आलो की तूच सांगतेस, हात लावू नकोस, तुला जमणार नाही. तुला सगळं एकटीनं करायचं असतं ताई, आणि मग सगळ्यांना ऐकवायचं असतं."

खरं होतं ते. खोटं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. आईसमोर खरं बोलला, हे मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला, तोंड फुगवून. "माझी डिस्क दे."

"वर आहे. काढून घे, स्क्रू ड्रायव्हर धरता येत असेल तर."

तो वर गेला. मीही मागोमाग गेले, कारण त्याच्या हातावर माझा विश्वास नाही. तो आईच्या टेबलाखाली गुडघे टेकून बसला, झाकण काढलं, आणि त्या क्षणी मला आठवलं. लख्ख आठवलं. ओट्यावरचं माळ्यावर गेलेलंच नाही. "थांब, अर्धा तास लागेल, उतरवून घेते," हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

तो खालूनच म्हणाला, "ताई, यात आईचं काही नाहीये ना? मी ही पुसून घेणार आहे."

मी म्हटलं, "तुझी वस्तू. तू बघ."

"म्हणजे पुसू ना?"

"मला काय विचारतोस? फार शहाणा झालायस ना काल."

तो उठला, गुडघे झटकले, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काही बोलेन म्हणून उभा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मग डबी खिशात घालून गेला.

माझं गणित असं होतं. हा माणूस म्हणेल ते कधी करत नाही. त्याच्या घरातला नळ दोन वर्षं गळतोय. डिस्क पडून राहील खणात. आई घरी येईल, वाक्यं सापडणार नाहीत, सगळे घाबरतील, मग कळेल की नवाबसाहेबांनी डिस्क पळवली. तो धावत आणून देईल, मान खाली घालून. मी जोडेन, सगळं परत येईल, आणि पुढची दहा वर्षं त्याच्या तोंडून शब्द निघणार नाही. त्याला धडा शिकवायचा होता मला. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच कसाबसा दम धरला. फोन केला. म्हटलं, काय रे, डिस्कचं काय केलंस.

"काल घरी आलो तसा लगेच बसवली," तो म्हणाला. "पुसली, गेम टाकले. पळतेय एकदम." आणि मग जरा खुशीत येऊन, "बघ, म्हणत असतेस ना मी कामं लांबवतो."

आयुष्यात एकदा त्यानं काम त्याच दिवशी केलं.

हार्ड डिस्क पुसली तर मी तिच्यातून बरंच खणून काढू शकते. माझं पोट त्यावरच चालतं. एसएसडीची जात वेगळी. तिला पुसा म्हटलं की ती खरोखर पुसते. तरीही डबी परत मागवून प्रयत्न करता आला असता. लाखात एखादं वाक्य निघालं असतं. पण मागवायची तर कशासाठी, हे त्याला सांगावं लागलं असतं. मी मागवली नाही.

आई घरी आली. गळ्याला भोक, त्यावर जाळीची पट्टी, हातात पांढरी पाटी आणि मार्कर. थेरपिस्ट बाई यंत्र घेऊन आल्या. धाकट्यानं अर्धी रजा टाकली होती आणि खुर्च्या लावत होता. आईनं केस विंचरून घेतले होते, कामावर जाताना विंचरायची तसे. मी तिची जुनी डिस्क खटपट करून उघडली. एकशे त्रेचाळीस वाक्यं होती, तेवढी बाईंनी यंत्रात घातली.

आईनं पाटीवर लिहिलं, "बाकीची?"

मी म्हटलं, "धाकट्यानं डिस्क काढून नेली. पुसून टाकली." यातला प्रत्येक शब्द खरा आहे. कुणीही तपासून बघावा.

धाकट्याच्या हातात खुर्ची होती, ती तशीच राहिली. "ताई, मी तुला विचारलं होतं."

"कधी?"

"इथंच. टेबलाखाली बसून. आईचं काही नाही ना, म्हणून."

"मला नाही आठवत."

त्यानं खुर्ची खाली ठेवली. आणि मग मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, की तो स्वतःवरच संशय घ्यायला लागलाय. चाळीस वर्षं आम्ही त्याला मूर्ख म्हटलं होतं, त्याचा मला त्या दिवशी उपयोग झाला. तो हळूच म्हणाला, "नव्हतं का विचारलं मी?" मी स्क्रीनकडे वळले. तो आईजवळ गेला, खाली बसला, तिचा हात धरायला गेला.

आईनं यंत्राचं बटण दाबलं. "नको," ती म्हणाली. तिच्याच आवाजात, सात नंबर फलाटाच्या, स्वच्छ. त्या आवाजामागे ती जुनी डिस्क कुरकुरत होती, तीही शब्दाबरोबर साठवली गेली होती.

त्यानंतर पाच महिने तो दर रविवारी यायचा. फळं आणली, "नको." पाय चेपू का, "नको." एकदा बसस्थानकावर जाऊन आला, आईच्या घोषणा कुठं साठवून ठेवल्यात का बघायला. तिथं काहीच नव्हतं. माइकवर थेट बोलायची ती, कोण साठवणार. मग एका रविवारी तो आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, मी विचारलं नसणार. माझंच चुकलं. मी असाच आहे." मी ओट्याशी भांडी घासत होते. नळ मोठा केला.

शेवटी थेरपिस्ट बाईंनी दुसरा मार्ग काढला. यंत्रात आधीच तयार असलेला एक बाईचा आवाज असतो. परका, पण ठीकठाक. वाक्यं टाइप करून ठेवली की तो वाचतो. आईनं कपाटातून ती रेघी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी टाइप करायला बसले. ती समोर बसली, पाटी मांडीवर घेऊन.

"धाकट्या, चपला आत काढ, भिजतील." "ताई, केस बांध, पंख्यात जातील." "दोघं भांडा, पण जेवून भांडा." "अगं, मी इथंच आहे." पानामागून पान असंच होतं. माझी बोटं चालत होती, डोळे पुसायला मी थांबत नव्हते. शेवटून दुसऱ्या पानावर होतं, "ताई, त्याला मूर्ख म्हणू नकोस गं. तो तुला विचारल्याशिवाय काही करत नाही. लहानपणापासून बघतेय मी."

बोटं थांबली. वर बघितलं तर आईनं पाटी माझ्याकडे वळवून धरली होती. आधीच लिहून ठेवलं होतं तिनं, "विचारलं होतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

तिनं तळहातानं पाटी पुसली. सावकाश, कोपरे राहू न देता. मग लिहिलं, "त्याला बोलाव."

तो अर्ध्या तासात आला, धापा टाकत, काहीतरी झालं असं समजून. आईनं बटण दाबलं, "बसा." तो बसला. आईनं माझ्याकडे हनुवटी केली. मी सांगितलं. ओट्याचं, माळ्याचं, अर्ध्या तासाचं, सगळं. मला वाटलं तो ओरडेल, हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

 तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी विचारलं होतं." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्याला झालं एक वर्ष. आई त्या परक्या बाईच्या आवाजात आता सगळ्यांशी बोलते. धाकट्याला चपला आत काढायला सांगते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, डॉक्टरला टोमणे मारते. माझ्याशी त्या आवाजात एक शब्द बोलत नाही. माझ्यासाठी तिनं ती एकशे त्रेचाळीस वाक्यं ठेवलीयेत, तिच्या स्वतःच्या आवाजातली. पाणी द्या. दिवा बंद करा. दार लावून घ्या. एकाच घरात आम्ही राहतो, आणि माझी आई माझ्याशी वॉर्डातल्या बाईशी बोलावं तसं बोलते. दिवसातून दहा-बारा वेळा, आणि दर वाक्यामागे ती कुरकुर.

ती कुरकुर काढता येते. दहा मिनिटांचं काम आहे, मी गिऱ्हाइकांना करून देते. परवा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, निदान तेवढं तरी काढून देऊ का? तुला तेव्हाही आवडायची नाही ती."

तिनं माझ्याकडे बघितलं. यंत्र जवळ ओढलं, बटण शोधलं.

"नको," आई म्हणाली.